कातळाच्या पोटातील फुले
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि पुढचा सगळा अभ्यास चूल, मुले आणि आल्यागेल्याचे स्वागत यातच झाला. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या दगडांविषयी बोला. तुमच्या घरी आलेली प्रत्येक बाई ते कपाट बघून विचारते, मग एकदा सगळ्यांनाच सांगून टाका." त्यांचा शब्द मोडवेना म्हणून उभी आहे. या व्यासपीठावरून आजवर मुरांबे, बालसंगोपन, शिवणकाम अशा उपयोगी विषयांवर पुष्कळ बोलणे झाले. दगडांवर बोलणारी बहुधा मीच पहिली. तेव्हा सांभाळून घ्या.

प्रथम एक खुलासा. माझ्याकडे आहेत ती अंगठीत बसवायची रत्ने नव्हेत. त्यांना पैलू पाडलेले नाहीत, घासूनपुसून चकाकी आणलेली नाही. ही खनिजे आहेत, आणि त्यांचा आकार जमिनीच्या पोटात झाला तसाच आहे. पुढच्या टेबलावर मी ती मांडली आहेत. भाषण झाल्यावर जरूर पाहा. पण आधी सांगते, पाठीमागच्या काळ्या दगडाला धरून उचला, चमकणाऱ्या टोकांना बोट लावू नका.

आता हे घडते कसे ते आपल्या भाषेत सांगते. आपला सह्याद्री आणि देशावरचा बहुतेक काळा कातळ हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला तप्त रस आहे. त्याला लाव्हा म्हणतात. तो एकदाच आला नाही. एक थर पसरला, निवला, त्यावर दुसरा आला, जणू तव्यावरची धिरडी एकावर एक रचावीत. म्हणूनच आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या कातळाने व्यापलेला आहे.

अनारसा तळताना त्याला जाळी पडते, ती कशाने? आतली वाफ बाहेर पडू पाहते म्हणून. लाव्ह्याचेही तसेच. त्यात वायू कोंडलेले होते. थर निवताना ते वर चढले, आणि वरचा भाग घट्ट झाल्यामुळे काही बुडबुडे आतच अडकले. काही पोकळ्या मोहरीएवढ्या, काही नारळाएवढ्या, आणि क्वचित माणूस आत बसेल एवढ्या. विहीर खणणारे ज्या भोकाभोकांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात, तो हाच. पुढे फार मोठ्या काळात या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपले. त्या पाण्याने खडकातली वाळूची, चुन्याची, सोड्याची द्रव्ये विरघळवून आणली आणि पोकळीच्या भिंतीवर थेंबाथेंबाने साठवली. तीच ही फुले.

पण साठवण तर किटलीच्या तळालाही होते. तिथे नुसता पांढरा थर बसतो, सुरेख आकार का येत नाही? याचे उत्तर खडीसाखरेत आहे. पाक घाईने आटवला तर त्याचा गोळा होतो. पाकात दोरा सोडून भांडे न हलवता ठेवले, तर दोऱ्यावर टपोरे, काठ असलेले खडे धरतात. खड्याला तीन गोष्टी लागतात: सावकाशपणा, स्थिरपणा आणि वाढायला मोकळी जागा. कातळातली पोकळी हे तिन्ही देते. जिथे जागा नाही तिथे तेच द्रव्य आहे, पण आकार नाही. मला वाटते, मुलांच्या बाबतीतही हे थोडेफार खरे आहे. पण तो विषय आज माझा नव्हे.

घरी करून पाहायचे असेल तर तुरटी घ्या. गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवा, गाळा, आणि तुरटीचा एक छोटा खडा दोऱ्याने त्यात लोंबता ठेवा. भांड्यावर फडका टाकून आठ दिवस हलवू नका. दोन मनोरे पायथ्याशी जोडावेत असा आठ बाजूंचा खडा तयार होईल. कोणीही पैलू पाडला नाही, तरी पैलू आले! १६६९ साली निकोलस स्टेनो नावाच्या डेन्मार्कच्या विद्वानाने हेच नवल लिहून ठेवले. खडा लहान असो की मोठा, बारीक असो की जाडा, एकाच जातीच्या खड्याचे कोन तेच राहतात. गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, सहा बाजूंचा खांब घ्या. त्याच्या शेजारच्या दोन बाजूंमधला कोन १२० अंशच भरतो, मग तो खडा नाशिकचा असो नाहीतर परदेशातला. सगळ्यांत लहान कणच ठरावीक रीतीने एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून बाहेरचा आकारही तसाच. रांगोळीचे ठिपके जसे मांडाल तशीच आकृती होणार, तसे हे.

आता टेबलावरच्या मंडळींची ओळख करून देते.

पहिल्या ताटलीत आहे तो स्टिल्बाइट. रंग पिकल्या पीचसारखा किंवा पांढरा. गव्हाची पेंढी मध्ये आवळून बांधावी आणि दोन्ही टोके फुलावीत, हुबेहूब तसा. त्याच्या शेजारी ॲपोफायलाइट, काचेसारखा स्वच्छ, चौकोनी अंगाचा आणि टोकाशी देवळाच्या शिखरासारखा निमुळता. हा कधीकधी हिरवा मिळतो आणि मग त्याला फार मान असतो. तिसरा स्कोलेसाइट. पांढऱ्या सुयांचा झुबका एका मुळातून फुटावा तसा. त्याचे नाव परभाषेतल्या "किडा" या शब्दावरून पडले, कारण तापवला की त्याचा तुकडा अळीसारखा वळतो. चौथा ओकेनाइट. सावरीची म्हातारी उडते ना, तिचाच गोळा दगडात बसवल्यासारखा. हा दिसायला कापूस, पण एकदा दाबला की कायमचा चपटा झाला. त्यासाठी तो काचेच्या बरणीत ठेवला आहे. पाचवा कॅल्साइट, त्याच्या रूपांना सुमारच नाही; कुठे कुत्र्याच्या सुळ्यासारखा, तर कुठे खिळ्याच्या डोक्यासारखा.

आणि शेवटच्या डबीतला इवलासा निळा ठिपका म्हणजे कॅव्हन्साइट. निळीच्या पुडीलाही लाजवील असा रंग. हे खनिज प्रथम १९६७ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सापडले, पण त्याचे जगातले उत्तम नमुने निघाले ते आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून. माझा ठिपका मसुराएवढाच आहे. मोठा विकत घेण्याची आपली ऐपत नाही. पण पांढऱ्या स्टिल्बाइटवर तो असा बसला आहे, की पांढऱ्या लुगड्यावर निळा खडा टाचावा.

स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांच्या कुळाला झिओलाइट म्हणतात. क्रॉन्स्टेड नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव दिले, त्याचा अर्थ "उकळणारा दगड". तापवल्यावर त्यातून वाफ निघून तो फेसाळला, म्हणून. या दगडांच्या अंगात खरोखरच पाणी मुरलेले असते. याच कुळातले, पण कारखान्यात बनवलेले झिओलाइट आज पुष्कळ कपडे धुण्याच्या पावडरींत घालतात. ते पाण्याचा जडपणा घालवतात. तेव्हा दगडांशी आपला संबंध नाही असे कोणी म्हणू नये. मोरीतदेखील ते आहेत!

हा नाद मला कसा लागला, असे विचारतात. आमचे हे खडीच्या खाणीवर हिशेबनीस होते. डबा पोहोचवायला मी जात असे. तिथे एक वयस्क वडारीण मावशी खडी फोडायला बसत. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण दगडाची पारख अशी, की घण घालण्याआधी हातोडीने ठोकून आवाज ऐकत. भरीव दगडाचा आवाज खणखणीत, पोकळ दगडाचा बद्द. बद्द आवाज आला की त्या दगड बाजूला ठेवत आणि कडेने हळू फोडत. आत चमचम निघाली की मला हाक मारत, "ये बाई, बघ, देवानं आत कुणासाठी आरास मांडली!" मालकाची परवानगी घेऊन त्यातले फुटकेतुटके मी घरी आणू लागले. मग मुलाच्या शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके मागवली, अडलेले नाव मुलीकडून वाचून घेतले, आणि वहीत नोंद सुरू केली. मावशी आता नाहीत. दिवसभर त्या दगडाची धूळ छातीत जाई, आणि शेवटची दोन वर्षे त्यांनी खोकण्यातच काढली. माझ्याकडचा एखादा खडा कोणी सुंदर म्हटले की मला त्यांचे हात आठवतात. दगड सुंदर असतो, पण तो बाहेर काढणारीचे आयुष्य तसे असतेच असे नाही.

पाहायला शिकण्याचा उपयोग काय, हे मला २०१६ साली कळले. तीन वर्षे पावसाने ओढ दिली होती. आमच्या वन्सं शेतकरी घरात दिलेल्या. त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून विहीर खणायला घेतली. ४० फुटांवर गेले तरी पाणी नाही, आणि पुढचा हप्ता तोंडावर. एके दिवशी सुरुंग उडाल्यावर विहिरीच्या बाजूला रांजणाच्या तोंडाएवढे भोक पडले, आणि आत बॅटरी मारली तर सगळीकडे लखलखाट. वन्संनी लगोलग मला फोन केला. "वहिनी, तुमचे दगड निघालेत. गडी म्हणतात पहारीने उपटतो." मी म्हटले, "वन्सं, पाया पडते, मी येईपर्यंत पहार लावू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी गेले. खणणाऱ्यांपैकी एकाचा हात फार हलका होता. त्याने छिन्नीने भोवतीचा खडक कोरत, पाठीचा दगड शाबूत ठेवून, दोन दिवसांत नमुने काढले. आम्ही दोघींनी ते जुन्या साड्यांत आणि भाताच्या तुसात बांधले. अखंड टोकांचे एका घमेल्यात, मोडक्या टोकांचे दुसऱ्यात, अशी निवड केली.

तिसऱ्या दिवशी एक व्यापारी आला. त्याने सगळ्याचे सरसकट चार हजार सांगितले. वन्संच्या यजमानांना ते सोन्यासारखे वाटले. हप्ता तेवढ्यात बसत होता, आणि हा माणूस गेला तर दुसरा येईल याची खात्री काय? पण मी त्याच्या बोलण्याकडे न पाहता त्याच्या हातांकडे पाहत होते. भाव तो ढिगाचा सांगत होता, पण हात पुन्हापुन्हा तीनच तुकड्यांकडे जात होते. त्या तिन्हींवर स्टिल्बाइटच्या पेंढ्यांत काचेसारखे ॲपोफायलाइट उभे होते, आणि एकाचेही टोक मोडलेले नव्हते. मी म्हटले, "दादा, मोडके सगळे घेऊन जा, हे तीन राहू द्या." तो म्हणाला, मग काहीच नको. आणि उठून गेला.

त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. मी परक्या घरचा घास अडवला की काय, असे सगळ्यांच्या मनात होते, फक्त कोणी बोलले नाही. वन्सं एवढेच म्हणाल्या, "वहिनींनी पाहिलंय ना, मग थांबू." मुलीने मोबाईलवर फोटो काढून आणखी दोघा व्यापाऱ्यांना पाठवले. चार दिवसांनी पहिलाच परत आला, त्यानंतर दुसरा. शेवटी दोन तुकडे आणि बाकीचा माल मिळून ३८ हजारांना गेला. त्यातला चौथा हिस्सा वन्संनी खणणाऱ्यांना दिला. तो दिलाच पाहिजे होता, कारण त्यांच्या हाताशिवाय त्या मालाची खडीच झाली असती. उरलेल्यातून हप्ते भागले. पाणी पुढे ५५ फुटांवर लागले. तिसरा तुकडा वन्संनी मला दिला.

भगिनींनो, ही गोष्ट सांगण्याचे कारण पैसा नव्हे. ज्याला पाहता येत नाही, त्याला दुसरा सांगेल तो भाव घ्यावा लागतो. दुधाला, धान्याला, मुलीच्या हातच्या भरतकामालाही हेच लागू आहे.

आपल्या मुलखाचे हे धन फार दिवसांपासून बाहेर जात आले आहे. भोर घाटातून रेल्वे नेताना डोंगर फोडला, तेव्हा असे कितीतरी नमुने निघाले आणि विलायतेच्या संग्रहालयांत पोहोचले. त्या कामातली एक हकिगत आपल्या मंडळाला आवडेल. घाटाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस हिने तो ठेका आपल्या हाती घेतला, कामावर जाणती माणसे नेमली, आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. त्याच घाटात हजारो मजूर कष्टले आणि कित्येक तिथेच मेले, हेही तितकेच लक्षात ठेवावे. अलीकडची गोष्ट म्हणजे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे २००१ साली विहीर खणताना हिरव्या ॲपोफायलाइटचे असे चमकते गोळे निघाले, की जगभरचे संग्राहक त्यांना ओळखतात. त्याच साली के. सी. पांडे यांनी सिन्नरला "गारगोटी" नावाचे संग्रहालय उघडले. ते नाशिकहून जेमतेम तीस किलोमीटर आहे. आपल्या सहलीसाठी मी ते सुचवते.

आणि खड्यांचा नाद हा पुरुषांचाच, असेही नाही. डोरोथी हॉजकिन नावाच्या विदुषीला वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास शाळेत खडे वाढवून पाहण्याची गोडी लागली. पुढे तिने खड्यांच्याच साहाय्याने पेनिसिलीनची आणि बी-१२ जीवनसत्त्वाची आतली रचना उलगडली, आणि १९६४ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा मुलगी खिशात दगड भरून आली तर एकदम ओरडू नका. आधी काय आणले ते बघा.

ज्यांना संग्रह करावासा वाटेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

मोठ्यापेक्षा अखंड निवडा. हाताएवढ्या मोडक्या झुबक्यापेक्षा अंगठ्याएवढा, सगळी टोके शाबूत असलेला खडा केव्हाही सरस. धुताना साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरे. ओकेनाइटसारख्या कापसाला तर पाणीही नको. तेजाब कधी वापरू नका; हे दगड त्याने खलास होतात. चुलीजवळ ठेवू नका, आतले पाणी जाऊन काचेसारखा खडा पांढराफटक पडतो. जांभळ्या गारेला ऊन दाखवू नका, रंग उडतो. ओळखायला घरगुती युक्ती अशी: गार काचेवर चरा पाडते, कॅल्साइट पाडू शकत नाही, आणि कॅल्साइटवर व्हिनेगरचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे येतात. मात्र ही परीक्षा मोडक्या तुकड्यावर घ्यावी.

प्रत्येक खड्याखाली चिठ्ठी हवी. गाव कोणते, विहीर की खाण, किती खोल, कोणत्या साली, कोणी काढला. चिठ्ठी नसलेला दगड म्हणजे पत्ता हरवलेले पत्र.

खाणीत परवानगीवाचून पाऊल टाकू नका, आणि मुलांना तर मुळीच पाठवू नका. कड कोसळते, न उडालेला सुरुंग राहिलेला असतो. लेण्यांतून आणि गडांवरून खडाही उचलू नये. ते सर्वांचे आहे. आणि हा खडा उशाशी ठेवला की मधुमेह जातो, तो ठेवला की संसार सुखाचा होतो, असे सांगून विकणाऱ्यांना दारातूनच निरोप द्या. आजार झाला तर डॉक्टरकडे जावे. दगडाने मन रमते, आणि तेवढे काम त्याला पुष्कळ आहे.

आता शेवटचे मागणे. आपल्या आसपासच्या जुन्या खाणी एकेक करून बुजत चालल्या आहेत, त्यांवर घरे उठत आहेत. विहिरी यंत्राने खणतात, पोकळी आली तरी यंत्राला ती दिसत नाही. आणखी वीस वर्षांनी या गावाच्या पोटात काय होते हे दाखवायला इथे एकही खडा उरणार नाही. पाहायचे तर परदेशच्या संग्रहालयात जावे लागेल. माझी सूचना अशी की मंडळाच्या या सभागृहात एक काचेचे कपाट असावे. ज्यांच्या घरी विहिरीतला, पाया खणतानाचा एखादा खडा देव्हाऱ्यात किंवा तुळशीपाशी पडला असेल, त्यांनी तो चिठ्ठीसह इथे आणून द्यावा. शाळेच्या मुलांना दर शनिवारी ते उघडून दाखवावे. दाखवायचे काम मी करीन.

सुरुवात म्हणून वन्संच्या विहिरीतला तो तिसरा तुकडा मी आज मंडळाच्या स्वाधीन करते. वन्संना विचारूनच देत आहे. त्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव, खोली आणि साल लिहिले आहे, आणि ज्याने तो छिन्नीने सोडवला त्याचेही नाव लिहिले आहे.